कॉलरचा कागद

मुख्याध्यापिका बाई, माझ्या सहकारी, नरखेडकडून आलेली गावंडेबाईंची माणसं, आणि मुलींनो,

या हॉलमध्ये बोलायला उभं राहायची माझी ही पहिली वेळ आहे. तेवीस वर्षं मी या शाळेत गणित शिकवते. फळ्याकडे तोंड असलं की मला बोलता येतं. माणसांकडे तोंड केलं की येत नाही. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी लिहून आणलं आहे. वाचताना मध्येच थांबले तर थोडं सांभाळून घ्या.

गावंडेबाई गेल्या त्याला आज आठ दिवस झाले. शिवणाच्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. हजेरीपटावर त्यांचं नाव सुमन गावंडे. पण मुलींना ते नाव ठाऊक नसायचं. शिवणाच्या बाई, एवढंच.

त्या शाळेत आल्या तो दिवस मला आठवतो. मी त्यांच्या एक वर्ष आधी लागले होते. पासष्टच्या आसपासची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा होता. शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं, काष्टा घातलेला, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी लाकडी पट्टी. आम्हाला वाटलं, कुणा मुलीची आई फी भरायला आली आहे. एका बाईंनी त्यांना कार्यालयाचं दार दाखवलं. त्या शांतपणे गेल्या, आणि थोड्या वेळाने तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंबरोबर परत आल्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, या आपल्या नव्या शिवणाच्या शिक्षिका.

आम्ही त्यांना खुर्ची दिली. पण त्या काळी शाळेतल्या आम्ही सगळ्याजणी गोल नेसत होतो. पाचवारी. काष्टा घरी, आईच्या किंवा सासूच्या अंगावर. दुसऱ्याच दिवसापासून गावंडेबाई गोल नेसून यायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्या स्वतःच समजल्या, ते मी कधी विचारलं नाही. महिनाभर त्या जिना चढताना दोन्ही हातांनी निऱ्या धरत. एकदा मी त्यांच्या मागून चढत होते. त्या थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "पाय बांधल्यावानी वाटते वं बाई. बकरी बांधते ना खुंट्याले, तसं."

मी हसले. त्याही हसल्या. आमची ओळख झाली ती अशी, जिन्यात.

त्यांचे भाऊ इथे आहेत. त्यांना हे सांगायला नको, पण मुलींसाठी सांगते. बाई लहान वयात विधवा झाल्या. भावाने त्यांना शेतात राबवलं नाही. नागपुरात शिवणाच्या पदविकेला घातलं. संत्र्याचा बहार उतरला की दरवर्षी भाऊ एक टोपली शाळेत आणून देत, आणि बाई ती आख्खी टोपली शिवणाच्या वर्गात रिकामी करत. मग आठ दिवस वर्गातल्या कापडांना संत्र्याच्या सालीचा वास यायचा. कापडाला डाग पडला तर मात्र त्या त्या मुलीला उभं करत. "खा, पण हात धू," एवढंच म्हणायच्या.

त्यांचं बोलणं असं होतं. मले, तुले, काहून. शिक्षकांच्या खोलीत काहीजणी त्याची नक्कल करत. त्यांच्यासमोर नाही, माघारी. बाईंना ते कळत होतं. एकदा मला म्हणाल्या, "मी तोंड उघडलं का यायले गावची जत्रा दिसते." त्यात राग नव्हता. पण सभेत त्या बोलत नसत. हे लक्षात ठेवा. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी ते लागेल.

या भिंतीच्या पलीकडे त्यांचा वर्ग. सहा पायमशिनी. हॉलमध्ये काहीही कार्यक्रम असला, की भिंतीतून त्या मशिनींचा आवाज यायचा. मग शामराव शिपाई उठायचे आणि सांगायला जायचे, बाई, जरा बंद करा, सभा चालू आहे. दरवेळी. बाई मशीन बंद करायच्या. पाच मिनिटांनी एखादी मुलगी विसरून पाय मारायची. शामराव पुन्हा जायचे.

त्या काय शिकवत होत्या? सगळे म्हणतील शिवण. मला वाटतं, त्या बदल शिकवत होत्या. म्हणजे कसं, ते माझ्या पद्धतीने सांगते.

त्या आल्या तेव्हा नागपुरातल्या घराघरात आया नऊवारी सोडून गोल नेसायला लागल्या होत्या. पेटीत नऊवारी लुगडी पडून होती. बाईंनी मुलींना सांगितलं, घरी पडलेलं लुगडं आणा. फाटलेलं नको, चांगलं. नऊ वार लुगड्यातून पाच वार कापले की आईचं गोल पातळ. उरले चार वार. चार वारात मुलीचा परकर आणि पोलकं. एका मुलीने विचारलं, बाई, काठ मध्येच कापला जाईल, पदर एकीकडेच येईल, मग? बाईंनी दाखवलं. पदर आईच्या वाट्याला, काठ मुलीच्या परकराला. नऊ वजा पाच बरोबर चार. मी पंचवीस वेळा वर्गात शिकवलेली वजाबाकी. पण तिचा असा उपयोग होतो हे मला त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहून कळलं. त्या वर्षी एकाच लुगड्यातल्या मायलेकी रस्त्यात दिसायच्या.

मग परकर-पोलकी गेली. झगे आले, स्कर्ट आले. फुग्याच्या बाह्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. टेरिलीन आलं. मुलींचे भाऊ तंग विजारी घालायला लागले आणि चार वर्षांत त्याच विजारी खाली रुंद, बेलबॉटम हव्या झाल्या. मुली भावांच्या विजारी पिशवीत घालून आणायच्या. बाई त्यांना शिवण उसवून मध्ये तिकोनी कळी घालायला शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत यावर बोलणं व्हायचं. मुलींना शाळेत हे शिकवायचं? बाई म्हणायच्या, "कळी घालता आली पाहिजे. मग ते विजारीत घाला का परकरात."

मुली स्कर्ट कमरेशी दुमडून आखूड करायच्या. शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या की दुमडायच्या, आत येताना सोडायच्या. आम्ही त्यांना शिक्षा करायचो. बाई करायच्या नाहीत. त्या मुलीला जवळ बोलवायच्या, स्कर्टची खालची पट्टी उलटून पाहायच्या आणि विचारायच्या, आत किती कापड ठेवलं? मुलगी सांगायची, चार बोटं. मग जा, म्हणायच्या.

आत कापड ठेवायचं, हा त्यांचा नियम. शिवणीत दोन बोटं, खालच्या पट्टीत चार बोटं. आज फॅशन तंग आहे म्हणून आतलं कापड कापून टाकायचं नाही. "फॅशन तापावानी असते, चढते न् उतरते. आतलं कापड कापलं का पोरीले वाढता येत नाही." हे त्या प्रत्येक तुकडीला सांगायच्या. आमच्या शाळेत गरीब घरच्या मुली पुष्कळ. पाचवीत शिवलेला निळा स्कर्ट आठवीपर्यंत चालायचा. दरवर्षी पट्टी सोडायची आणि पट्टीच्या जागी एक फिकी रेघ उमटायची. तीन रेघा असलेली मुलगी म्हणजे आठवीतली. मी गणिताची असून हे मोजायला त्यांच्याकडून शिकले.

आठवीपर्यंत स्कर्ट. नववीपासून निळ्या काठाची पांढरी साडी. असा आपला गणवेश होता. आजच्या मुलींनी तो पाहिलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

त्र्याहत्तरच्या आसपास नववीत मंदा नावाची एक मुलगी होती. हुडकेश्वरकडून यायची. तेव्हा तिकडे वस्ती फारशी नव्हती, शेतं होती, आणि शाळेच्या वेळेला बस नव्हती. वडिलांनी तिला सायकल घेऊन दिली होती. आठवीपर्यंत ती स्कर्टमध्ये झरझर यायची. नववीत साडी आली. बाईंनी तिला पदर खोचून, निऱ्या एका बाजूला वर घेऊन पिनेने कशा अडकवायच्या ते शिकवलं होतं. तसं करून ती येत होती. एक दिवस पिन सुटली. निऱ्या साखळीत गेल्या. ती रस्त्यावर पडली, उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने बैल आवरले म्हणून वाचली.

वडिलांनी तिला घरी बसवलं. बाई त्यांच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. ते ओसरीवर बसले होते. चांगला माणूस होता, शेतकरी. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरीले शिकवाचं आहे मले. पण साडी नेसून सायकल नाही. सायकल चालवता येईन असा ड्रेस तुमची शाळा देत असन तर जूनपासून पाठवतो. शब्द आहे माह्या." मंदा आत दाराशी होती. हात गळ्यात बांधलेला.

परत येताना शाळेजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "पंजाबी ड्रेस."

तेव्हा सलवार-कमीजला सगळे पंजाबी ड्रेस म्हणत. नागपुरात काही मुली घालत होत्या, पण मराठी शाळेच्या गणवेशात कुठे नव्हता. निदान मला माहीत नव्हता. मी म्हटलं, बाई, आपल्याकडे नाही चालणार. साडी आपली परंपरा आहे.

तेव्हा त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोणती साडी वं? ही गोल? माह्या मायनं जल्मात गोल नेसलं नाही. काष्टा घालून ती संत्र्याच्या झाडावर शिडी लावून चढे, विहिरीत उतरे. दोन पाय मोकळे होते तिचे. गोल तर परवा आलं. मी इथं आली तवा नेसली. आठ वर्षांची परंपरा का?"

मी पुन्हा चालायला लागले.

त्यांनी स्वतःच्या कापडातून एक नमुना शिवला. निळी सलवार, पांढरं कमीज, शर्टासारखी कॉलर, पांढरी ओढणी. मला म्हणाल्या, तू हिशेब काढ, कापड किती लागते ते. मी फुलस्केप कागदावर काढला. साडी पाच मीटर, परकर दोन मीटर, ब्लाऊज पाऊण मीटर. एकूण पावणेआठ. दुसरीकडे कमीज अडीच, सलवार अडीच, ओढणी दोन. सात. मी पाऊण मीटर वाचतो असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाईंनी कागद पाहिला आणि हसल्या. म्हणाल्या, "तुह्यं गणित कोरडं आहे. कापड पाण्यात घातलं का आटते. पाव मीटर जास्त धर." मी पाव मीटर धरला. तरी अर्धा मीटर वाचत होता. त्या खूश झाल्या.

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. म्हणाल्या, शिक्षकांच्या सभेत नमुना मी ठेवीन, पण बोलायचं तू. "मी बोलली का यायले हसू येते. तू गणिताची. तुह्यं ऐकतीन. बोलशीन ना?"

मी हो म्हटलं. स्पष्ट हो म्हटलं. जिन्यातच.

सभा याच हॉलमध्ये झाली. टेबलं इथे जोडली होती. मी त्या खांबाजवळ बसले होते, कागद मांडीवर. शामराव पलीकडे जाऊन मशिनी बंद करायला सांगून आले. बाईंनी नमुना टेबलावर पसरला. मंदाचं झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यात एकदा "तिले" आलं आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळू हसलं. आमच्या एक ज्येष्ठ बाई, आता निवृत्त आहेत, म्हणाल्या, आज पंजाबी ड्रेस, उद्या बेलबॉटम, परवा काय आणणार? सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, खेळीमेळीचं होतं. मला वाटतं, त्यानेच जास्त अवघड झालं. कुणी भांडलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचं आहे?

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या नमुन्याची घडी घालत होत्या. सावकाश घालत होत्या. आता कळतं, त्या मला वेळ देत होत्या.

मी बोलले नाही.

कारण काय? मी पुष्कळ कारणं काढली आहेत इतक्या वर्षांत. मी तेव्हा नोकरीत कायम झाले नव्हते, असं स्वतःला सांगायचे. ते खरं नाही, मी कायम झाले होते. घरी सासूबाई काय म्हणतील, असंही सांगायचे. सासूबाईंचा यात काही संबंध नव्हता. खरं एवढंच, की सगळे नुकतेच हसले होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून पुन्हा हसावं असं मला वाटत नव्हतं. बस. एवढ्यासाठी.

साडीच ठेवायची असं ठरलं. सभा चहाकडे वळली.

जूनमध्ये मंदा आली नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. मी वर मान करू शकत नव्हते. म्हणाल्या, "तो कागद आहे ना तुह्याजवळ? दे." मी दिला. त्यांनी उलटून पाहिला. "मागून कोरा आहे," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. दुपारी मी शिवणाच्या वर्गावरून गेले, तर त्या कागदावर पेन्सिलीने आखून कात्रीने कॉलर कापत होत्या. माझे आकडे कॉलरच्या आतल्या बाजूला गेले होते.

तेव्हापासून तो कागद त्यांच्या कपाटात, दोऱ्यात ओवलेल्या बाकीच्या कागदांबरोबर. कॉलर शिकवायची वेळ आली की तो निघायचा. मुली त्याच्याभोवती मांजरपाटावर पेन्सिल फिरवायच्या. एखादी विचारायची, बाई, हे आकडे कसले? बाई म्हणायच्या, "कुसुमबाईचं गणित आहे ते. पुसू नका."

मला वाटायचं, हा टोमणा आहे. वर्षानुवर्षं वाटायचं. मी त्या वर्गावरून जाताना पावलं जोरात टाकायचे, म्हणजे ते ऐकू येऊ नये. पण त्या माझ्याशी तशाच होत्या. डबा उघडला की भाजी माझ्याकडे सरकवायच्या. माझ्या ब्लाऊजची हुकं पुढून मागे गेली, पुन्हा पुढे आली, गळे लहान-मोठे झाले, ते सगळे त्यांनीच शिवले. माप घेताना म्हणायच्या, "वाळली वं तू. काहून?" एकदा धीर करून मी विचारलंच. बाई, तो कागद तुम्ही मुद्दाम ठेवला का? त्यांनी सुई दातात धरली होती. ती काढली आणि म्हणाल्या, "कागद जाड होता."

सहा वर्षांनी नव्या मुख्याध्यापिका बाई आल्या. आज इथे बसल्या आहेत, त्याच. त्यांनी सभेत विचारलं, नववी-दहावीला सलवार-कमीज ठेवायचं का? पाच मिनिटांत झालं. कुणी हसलं नाही. मी त्या दिवशी हात वर केला. सगळ्यांनीच केला होता. बेलबॉटमचा विनोद करणाऱ्या बाईंनी तर आठवड्याने गावंडेबाईंना आपल्या सुनेसाठी एक ड्रेस शिवायला सांगितला. त्यांनी शिवून दिला. आत दोन बोटं ठेवून.

आणि गणवेशाच्या कॉलरचा नमुना काढायची वेळ आली, तेव्हा बाईंनी कपाट उघडलं आणि तोच कागद काढला.

मी तिथे उभी होते. तेव्हा मला कळलं. ज्या दिवशी आपण सगळ्यांनी नाही म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलर कापली होती. पुढे लागणार म्हणून. मुलींनो, आज तुमच्या गळ्याशी जी कॉलर आहे, तिचा आकार त्या कागदाचा आहे.

मागच्या महिन्यात मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले. मनाशी ठरवून गेले होते. बसले आणि म्हटलं, बाई, त्या दिवशी सभेत मी... त्यांनी हात वर केला. आवाज फार बारीक झाला होता. म्हणाल्या, "राहू दे वं कुसुम. मले सांगून काय होते? मी तं होती तिथं. जिले माहीत नाही तिले सांग."

मग त्यांनी डोळे मिटले आणि मला विचारलं, शाळेत नवीन मशीनचा पट्टा आला का? मी म्हटलं, आला. पट्टा आला नव्हता. आता आला आहे, बाई.

मंदा इथे आली आहे. त्या खिडकीपाशी, शेवटच्या रांगेत. हुडकेश्वरला ती घरी शिवणकाम करते. हात बरा झाल्यावर दीड वर्ष दर रविवारी गावंडेबाई चालत तिच्याकडे जायच्या आणि तिला शिकवायच्या, हे मला काल तिच्याकडूनच कळलं. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. या जूनमध्ये मंदाची मुलगी आपल्या प्राथमिकमध्ये आली. तिचा निळा झगा मंदानेच शिवला आहे. मी काल खालची पट्टी उलटून पाहिली. चार बोटं आहे.

मंदा, तू बसूनच राहा. मला हे तुझ्याशी बोलायचं होतं, आणि तुझ्या घरी येऊन एकटीला सांगितलं असतं तर ते अर्धंच झालं असतं. मी जिथे गप्प बसले तिथेच सांगायला हवं होतं. तुला शाळेत परत येता यावं म्हणून एक सभा झाली होती. गावंडेबाईंनी नमुना शिवला होता. हिशेब मी केला होता. तो बरोबर होता. तो सांगायचं मी कबूल केलं होतं. मला विचारलं गेलं आणि मी बोलले नाही. मी बोलले असते तर ठरलं असतं, असं मी म्हणत नाही. कदाचित नसतंही ठरलं. पण तुझ्या बाजूने या हॉलमध्ये एक माणूस बोललं आणि ते एकटं पडलं, हे माझ्यामुळे झालं. तुझ्या वडिलांनी त्यांचा शब्द पाळला असता. मी माझा पाळला नाही.

तू मला माफ करावंस म्हणून हे सांगत नाही. बाईंनी सांगायला सांगितलं होतं, म्हणून सांगितलं.

तो कागद मी आज बरोबर आणला आहे. घड्या पडून पडून कडेला तुटला आहे. टाचणीची भोकं इतकी आहेत की उजेडाकडे धरला तर चाळणीसारखा दिसतो. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली आहे. सभा संपल्यावर तो मी तुला देणार आहे. तू नव्या कागदावर त्याची नक्कल काढून दे. शाळेला लागेल. मूळ तुझ्याकडे ठेव.

माझं संपत आलं.

मला सांगितलं होतं, शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायला सांगा. शामराव, तुम्ही सवयीने दाराकडे निघालात, मी पाहिलं. बसा. पलीकडे मशिनीवर कुणी नाही. आज निरोप द्यायला जावं लागणार नाही.

आपण उभे राहू या.